साईटवरून ऑफिसला पाठवतायत, जाऊ का? (सिव्हिलवाल्या मुलींनो, जरा बोला)

कव्हरब्लॉक
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, मग सिव्हिलची डिग्री, आणि गेल्या वर्षीपासून पुण्यात पुनावळ्याच्या बाजूला एका २२ मजली टॉवरच्या साईटवर ज्युनिअर इंजिनिअर. गाव सांगली जिल्ह्यात. पगाराचं विचारू नका, भाडं आणि मेस गेली की जे उरतं त्याला पगार म्हणवत नाही, पण ते काय सगळ्यांचंच आहे.

तर प्रश्न असा. आमचे पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) माणूस म्हणून चांगले आहेत, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचून कोणी त्यांच्यावर घसरायला नको. परवा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले पुढच्या महिन्यापासून तू हेड ऑफिसला बिलिंगला जा, एसी आहे, दहा ते सहा आहे, तुझ्यासाठी तेच बरं. मी मागितलं नव्हतं. माझ्याबरोबर लागलेले दोघं मुलगे साईटवरच राहणार, त्यांना बरं काय ते कोणी विचारलं नाही.

खटकतंय काय तर हे. आमच्याकडे स्लॅब बहुतेक संध्याकाळीच सुरू होतो, कारण दिवसा आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि माल गाडीतच घट्ट व्हायला लागतो, मग पंप रात्री दोन-तीनपर्यंत चालतो. सकाळपासून सळई मी चेक करते, कव्हर (सळईबाहेर काँक्रीटचा थर किती राहणार ते), चेअर, लॅप, एक्स्ट्रा बार सगळं, पोअर कार्डवर (काँक्रीट टाकायच्या परवानगीच्या कागदावर) सही माझी, आणि सात वाजले की "चला मॅडम, निघा तुम्ही, आम्ही बघतो." म्हणजे जी सळई मी मोजली तिच्यावर काँक्रीट पडताना मी बघितलेलंच नाही. काँक्रीट दाटून बसवायचा वायब्रेटर कुठे लागला कुठे नाही, पंप बंद पडला तेव्हा जॉइंट कुठे सोडला, गाडीत कोणी पाणी मारलं का, हे मला दुसऱ्या दिवशी टपरीवर कळतं, तेही ज्याला सांगावंसं वाटलं त्याने सांगितलं तर. सात दिवसांनी क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) फोडायला मात्र मला पाठवतात.

आई ऑफिसचं ऐकून खूश आहे. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस का, लोक ऑफिससाठी वशिला लावतात. मला कळत नाहीये मी उगीच हट्ट करतेय का.

पाटबंधारे_काका
आयडी आवडला. मी खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वर्गात साठ मुलगे आणि एक मुलगी, आणि ती पुढे नाशिकला संकल्पचित्र संघटनेत गेली, धरणांची ड्रॉइंग तिच्या हाताखालून जायची आणि आम्ही साईटवरचे भलेभले अधिकारी तिच्या शेऱ्याला टरकून असायचो. तेव्हा ऑफिस म्हणजे कमीपणा असं डोक्यात घेऊ नकोस बाळा.

बिलिंग तर शिकावंच. ज्याला बिल लिहिता येतं त्याला काम कळलेलं असतं, उलटं मात्र दर वेळी खरं नसतं. उत्तम साईट करणारे पण मोजमाप पुस्तक लिहायला घेतलं की घाम फुटणारे इंजिनिअर मी पाहिलेत. जा, दोन वर्षं शीक, मधल्या काळात एमपीएससीचा अभ्यास कर. आणि स्पष्टच बोलतो, राग मानू नये, मुलीच्या जातीने रात्री दोन वाजता साईटवर थांबावं असं मला माझ्या नातीच्या बाबतीतही वाटणार नाही.

रात्रपाळी
मी पण साईट इंजिनिअर, वाकडला. मला कळत नाही प्रॉब्लेम काय आहे. आम्ही स्लॅबच्या रात्री कंटेनरमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झोपतो, सकाळी परत आठला हजर, रविवार नाही, ओव्हरटाईम नाही. पगार तुझ्याएवढाच. तुला सातला घरी सोडतात आणि तू धागा काढतेस. मला कोणी एसीत बसवतो म्हणालं तर मी पेढे वाटेन.

कव्हरब्लॉक
@रात्रपाळी, तुमचे हाल होतात ते खोटं नाही, आणि तुम्हालाही त्या गोण्यांवर झोपायला लागू नये असंच मला वाटतं. पण मला सांगा, मागच्या महिन्यात आमच्या सिनिअरची जागा रिकामी झाली तेव्हा कोणाचं नाव पुढे गेलं? जो रात्री थांबतो त्याचं. "त्याने सहा स्लॅब एकट्याने काढलेत" असं म्हणाले. बरोबरच आहे, काढलेत त्याने. मला काढूच दिला नाही एकही. मग दोन वर्षांनी इंटरव्ह्यूत विचारतील किती पोअर हँडल केले, तेव्हा मी काय सांगू, सातपर्यंतचे?

काका, राग नाही आला. पण तुमची नात सिव्हिलला आहे का?

पाटबंधारे_काका
नाही, ती कॉम्प्युटरला आहे.

रात्रपाळी
हम्म. तो सिनिअरवाला मुद्दा बरोबर आहे, मान्य.

डांबरी_जेई
काका, तुमचा मान ठेवून एक विचारते. तुम्ही मोजमाप पुस्तकाचं बोललात ना, आपल्याकडे त्या एमबीत सही कोण करतं? ज्याने स्वतः मोजलं तो. जागेवर न जाता एमबी लिहिली तर उद्या चौकशी त्याच्याच मानेवर. मग ही पोरगी जागेवर न थांबता पोअर कार्डवर सही करतेय ते कसं चालतं? मला तर कव्हरब्लॉकच्या पोस्टमध्ये तेवढंच एक वाक्य सगळ्यात भीतीदायक वाटलं. बाई, उद्या त्या स्लॅबला हनीकोंब (आत पोकळ्या) निघाला तर कार्डवर नाव तुझं आहे, रात्रीच्या माणसाचं नाही. ऑफिसला जा नाहीतर साईटवर राहा, पण आजपासून सही करताना "सळई तपासली, अमुक वाजेपर्यंत हजर" असं लिहून वेळ टाकत जा.

माझं सांगते. मी सरकारी नोकरीत, रस्ते, मराठवाडा. लागले तेव्हा ठेकेदाराचा माणूस माझ्याशी बोलायचाच नाही, मी प्रश्न विचारायची आणि तो उत्तर आमच्या जीपच्या ड्रायव्हरला द्यायचा. अक्षरशः. ड्रायव्हर बिचारा लाजायचा. हे भांडून सुटलं नाही. सुटलं थर्मामीटरने. डांबरी माल टाकताना १४० अंशांच्या खाली गेलेला चालत नाही (व्हीजी ३० प्रतीचं डांबर होतं), आणि प्लँट लांब, गाडी वाटेत जेवायला थांबलेली, ताडपत्री नीट झाकलेली नाही. मी डंपरवर चढून मालात थर्मामीटर खुपसला, ११० च्या आसपास. म्हटलं गाडी परत. गोंधळ झाला, फोन झाले, वरून पण एक फोन आला, मी म्हटलं साहेब आकडा हा आहे, तुम्ही लेखी द्या मी टाकून घेते. लेखी कोण देतं? गाडी परत गेली. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस ड्रायव्हरशी बोलायचा बंद झाला.

मुलगा असता तर त्याला पण हे करावं लागलं असतं, पण त्याला एकदा करून भागलं असतं, मला दर नव्या ठेकेदाराबरोबर परत पहिल्यापासून करावं लागतं, एवढाच काय तो फरक. तर टेप, ओळंबा, वही कायम जवळ ठेव आणि "नीट करा" म्हणू नकोस कधी, "इथे कव्हर २५ मिमी पाहिजे, १५ आहे" असं म्हण. आकड्याला मॅडम-साहेब काही नसतं.

हिरवीमिरची
+१ डांबरी_जेई. तो ड्रायव्हरचा किस्सा वाचून हसू की रडू कळेना.

पंचगंगा_कन्स्ट्रक्शनवाले
राम राम. मी लहान ठेकेदार, कोल्हापूर. शाळेच्या खोल्या, बंगले, एखादी तीन मजली बिल्डिंग असली कामं. आता दुसरी बाजू पण ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

माझ्याकडं मुली इंटरव्ह्यूला येत्यात. हुशार असत्यात, पोरांपेक्षा लई नीट हिशोब. पण घ्यायचं म्हटलं की डोक्यात चक्र सुरू हुतं. संडास वेगळा पायजे, म्हणजे दार-कडीचा, पाण्याचा. स्लॅब रात्री लांबला तर घरी सोडायला गाडी पायजे आणि सोडायला कोण जाणार तर मीच. उद्या काय झालं तर गाव मला विचारणार, कंपनीला न्हाई. आणि लगीन ठरलं की दोन वर्षांत शिकवलेलं सगळं घेऊन जाणार पुण्याला. असं डोक्यात येतं म्हणून आपण "बघू, कळवतो" म्हणतो. आता हे चूक का बरोबर ते तुमी ठरवा, पण पीएम काळजीनं बोलतोय का स्वतःची कटकट कमी करतोय, ह्यात मला तरी दुसरंच वाटतंय. मी ह्याच धंद्यातला हाय म्हणून सांगतो.

डांबरी_जेई
@पंचगंगा, निदान खरं बोललात. पण पोरं पण दोन वर्षांत शिकलेलं घेऊन पुण्यालाच जातात की, दुबईला जातात, तेव्हा "लगीन" आडवं येत नाही का?

पंचगंगा_कन्स्ट्रक्शनवाले
जात्यात ना. मागचा तर ऐन स्लॅबच्या आदल्या दिवशी गेला, फोन बी उचलला न्हाई. पटलं.

कायद्याचं_बोला
संडासाचा विषय निघालाच आहे म्हणून. ती काही मेहरबानी नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यातच शौचालय, पिण्याचं पाणी, आणि ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर, हे सगळं लिहिलेलं होतं, आणि त्या तरतुदी काही इंजिनिअर बायकांसाठी केलेल्या नव्हत्या, मजूर बायकांसाठी होत्या. म्हणजे "मुलगी घेतली तर वेगळा संडास बांधावा लागेल" हा हिशोबच चुकीचा, तो आधीपासून असायला हवा.

दुसरं, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. साईट, साईटचा कंटेनर, कंपनीने दिलेली गाडी, हे सगळं "कामाची जागा" यात येतं. तक्रार साधारण ३ महिन्यांत करायची. धागाकर्तीला असं काही झालंय असं मी म्हणत नाही, पण रात्रीची भीती हा मुद्दा असेल तर त्यावर बाईला घरी पाठवणं हा उपाय नसून समितीचा बोर्ड साईटवर लावणं हा आहे. बहुतेक ठिकाणी हेड ऑफिसच्या पँट्रीत लावलेला असतो.

कव्हरब्लॉक
पँट्रीतच आहे :D

संडासाचं आता विचारलंच आहे तर सांगते, मी मुद्दाम पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. साईट ऑफिसचं टॉयलेट आहे, चावी स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर कायम खडीच्या गाडीमागे. सुरुवातीला मी पाणीच कमी प्यायचे, एप्रिलमध्ये, पुण्याच्या उन्हात, स्लॅबवर. मग यादगीरकडच्या बिगारी बायका आहेत त्यांच्यातली एक म्हणाली आमच्याकडे ये ना मॅडम, आम्ही दाराशी उभं राहतो. तेव्हापासून मी लेबर कॅम्पमध्येच जाते. मराठी-कानडी-हिंदी असं काहीतरी मिळून बोलतो आम्ही. त्यांच्यामुळे साईटवरचं निम्मं मला कळतं, कोणत्या कॉलमला क्यूरिंगचं पाणी गेलं नाही हे इंजिनिअरच्या आधी त्यांना माहीत असतं कारण पाणी मारायचं काम त्यांचंच.

हिरवीमिरची
हे मला कायम खुपतं. साईट ही बायकांची जागा नाही म्हणे! मग डोक्यावर घमेलं घेऊन सातव्या मजल्यावर चढणारी कोण? पोर झोळीत टाकून विटा वाहणारी कोण? तिला कोणी म्हणत नाही की ऊन आहे, तू ऑफिसला जा. बाईच्या हातात थापी दिली जात नाही आणि ड्रॉइंग दिलं जात नाही, घमेलं मात्र पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं आहे. माझी आजी सोलापूरकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला होती, ७२ च्या दुष्काळात. तिला रोजगार हमी माहीत होती, काळजी करणारा पीएम माहीत नव्हता.

रात्रपाळी
हा मुद्दा कधी डोक्यात आलाच नव्हता.

पूलवेडा
धागा चांगला चाललाय म्हणून थोडी भर. शकुंतला भगत हे नाव किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून १९५३ ला सिव्हिल झाल्या. पुलांच्या कामातले दिग्गज एस. बी. जोशी यांच्या त्या कन्या. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली, ठरावीक मापाचे सुटे पोलादी भाग कारखान्यात करायचे आणि हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल जागेवर नुसता जोडायचा अशी पद्धत. त्यांचा सुरुवातीचा पूल १९७२ ला हिमाचलमध्ये स्पितीत उभा राहिला. भारतातल्या पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअर त्या.

गिरगाव_ते_गिंडी
@पूलवेडा, भगत बाई थोर होत्याच, पण "भारतातल्या पहिल्या" म्हणताना जपून. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पी. के. त्रेसिया त्याआधी जवळजवळ दहा वर्षं सिव्हिल होऊन बाहेर पडल्या होत्या, आणि १९७१ ला केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. एखाद्या राज्यात बाई चीफ इंजिनिअर होण्याची ती देशातली पहिलीच वेळ. महाराष्ट्रात म्हणत असाल तर वेगळं.

पूलवेडा
बरोबर, दुरुस्ती मान्य. जागोजागी तसं छापलेलं असतं त्यामुळे.

आणि आजचं उदाहरण हवं तर चिनाब पूल. जून २०२५ ला उद्घाटन झालं, नदीपासून ३५९ मीटर उंच. त्यातलं खडकाच्या उतारांचं काम बेंगळुरूच्या आयआयएससीच्या प्रोफेसर माधवी लता यांनी १७ वर्षं सांभाळलं. ते काम म्हणजे ऑफिसात एकदा डिझाईन केलं आणि पाठवून दिलं असं नव्हतंच. खणल्यावर आतला खडक जसा निघेल, भेगा जशा दिसतील, तसं डिझाईन बदलत जायचं. प्रोफेसर बाईंना जागेवर जावं लागतं, आणि इथे वर्षभराच्या इंजिनिअरला जागेवरून हलवतायत.

बीमकॉलम
मी स्ट्रक्चरल डिझायनर, बाई, पुण्यातच, आधी दोन वर्षं साईट केली आहे. काकांचं अर्धं मला पटतं. ऑफिसचं काम हलकं नाही. पण ते साईट बघून झाल्यावर यावं. का ते सांगते.

आमच्याकडे फ्रेशर येतात, सॉफ्टवेअर उत्तम, मॉडेल झकास. बीम-कॉलमच्या जंक्शनला चारी बाजूंनी सळया आणून बसवतात, स्क्रीनवर सगळं बसतं. साईटवर तिथे वायब्रेटरची नीडलच आत जात नाही. सळई बांधणारा फिटर मग काय करतो, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा वर सरकवतो किंवा एखादी गाळतो, म्हणजे भूकंपात जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच रिंग नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस परत तसं डिटेल काढत नाही. न बघितलेल्याला दहा वर्षांनी पण कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत तक्रारच येत नाही, खालीच मिटवतात.

@कव्हरब्लॉक, तुझ्या साईटवर रिंगांचे हुक १३५ अंशांना वळवतात का ९० ला?

कव्हरब्लॉक
अय्यो ताई, कुठे हात घातलात! तीच माझी पहिली लढाई. ९० ला वळवायचे सगळे. फिटर झारखंडचे, त्यातले मुख्य चाचा म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा मोठे, म्हणाले बेटी तीस साल से ऐसे ही कर रहे हैं, कोई बिल्डिंग गिरी क्या. मी आयएस १३९२० (भूकंपासाठीच्या डिटेलिंगचं मानक) काढून दाखवलं तर अर्थातच कोणाला घेणं नाही. मग मी बाइंडिंग वायरीचे दोन छोटे कॉलम केले, एकात ९० चे हुक, एकात १३५ चे, आणि चाचांना म्हटलं आता वरून दाबा. ९० वाला उघडला. चाचा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बेंडिंगच्या टेबलावर त्यांनीच पोरांना दम दिलेला ऐकू आला. आता सगळे १३५. वेळ जास्त लागतो म्हणून ठेकेदार माझ्यावर चिडून आहे.

बीमकॉलम
मग तू विचारतेस काय इथे? तुला उत्तर माहीत आहे. हे बिलिंगच्या टेबलावर झालं असतं का?

पण नुसतं "मला साईटवर राहायचंय" म्हणून केबिनमध्ये जाऊ नकोस, ते हट्टासारखं वाटतं. मागणी घेऊन जा. पहिलं, पुढचे चार स्लॅब रोटेशनने, दोन त्या मुलांचे, दोन माझे, शेवटच्या गाडीपर्यंत. दुसरं, त्या रात्री कंपनीची कॅब. तिसरं, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा, आणि ही तिघांनाही मिळावी असं म्हण, म्हणजे ती पोरं पण तुझ्या बाजूने होतील. बिलिंगला नाही म्हणू नकोस, आठवड्यातून एक दिवस जाऊन शीक, आरए बिल (चालू कामाचं बिल) कसं चढतं, बीबीएसवरचं (सळईच्या यादीवरचं) टनेज आणि प्रत्यक्ष आलेलं स्टील यात वेस्टेज किती, हे साईटवाल्याला यायलाच पाहिजे.

आणि पोअरला थांबशील तेव्हा दोन गोष्टींवर नजर ठेव. गाडीच्या चलनावर बॅचिंगची (माल बनवल्याची) वेळ छापलेली असते ती आधी बघ, मग स्लम्प (माल किती पातळ-घट्ट ते). आणि क्यूब कोणत्या गाडीतून भरतायत ते. पुरवठादाराचा माणूस पहिल्या चांगल्या गाडीतून सगळे साचे भरून मोकळा होतो, मग २८ दिवसांनी सगळं उत्तम. ५० घनमीटरपर्यंत ४ सॅम्पल, पुढे दर ५० ला एक, ते वेगवेगळ्या गाड्यांतून पडले पाहिजेत.

रात्रपाळी
तिसरी मागणी भारी आहे. मी पण आमच्याकडे टाकतो.

आता_टेस्टिंगमध्ये
सगळे साईट साईट म्हणतायत म्हणून उलटा अनुभव. मी पण सिव्हिल, मी पण साईट केली नवी मुंबईत, आणि सोडली. छळ वगैरे काही झाला नाही. कंटाळले. रोज स्वतःला सिद्ध करायचा कंटाळा येतो हो, आणि त्याचे पैसे पण मिळत नाहीत. कोर्स केला, सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले, पहिल्याच वर्षी पगार दुपटीच्या वर गेला. कॉलेजात आम्ही ज्या मुली सिव्हिलला होतो त्यातल्या बऱ्याच आज सिव्हिलमध्ये नाहीत, एक बँकेत, दोघी आयटीत, एक क्लास घेते. त्याला कोणी हार म्हणू नये. कव्हरब्लॉक, तुला ते हुक वळवण्यात मजा येतेय तोवर राहा, नाही आली की निघ, त्यात लाज बाळगू नकोस. एवढंच.

पाटबंधारे_काका
हुकांचा प्रयोग वाचून मन प्रसन्न झालं. रात्रीबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही, पण बीमकॉलम यांनी सुचवलेलं कॅब आणि रोटेशनचं मान्य आहे. पोअर कार्डवर वेळ टाकण्याचं डांबरी_जेई म्हणतात ते तर उद्याच सुरू कर.

कव्हरब्लॉक
अपडेट. बोलले. पाय थरथरत होते पण बोलले. तिन्ही मागण्या कागदावर लिहून नेल्या होत्या. पीएमनी आधी "कोणी भरवलं तुला हे" विचारलं, मी म्हटलं इंटरनेट. मग सहीची गोष्ट काढली, की सर कार्डवर नाव माझं आहे आणि मी जागेवर नसते, उद्या काही निघालं तर मी काय उत्तर देऊ. त्यावर ते जरा गप्प झाले. रोटेशन हो म्हणालेत, दहाव्या स्लॅबपासून. कॅबचं अ‍ॅडमिनला विचारतो म्हणाले. उशिरा यायचं साफ नाही. बिलिंगचं "तीन महिन्यांनी बघू", म्हणजे टांगती तलवार आहेच. ठेकेदार आता "मॅडम रात को भी आएगी" म्हणून तोंड वाकडं करून हिंडतोय.

पण आता नवीनच लफडं. आमच्या पीजीचं गेट दहाला बंद होतं. काकू म्हणाल्या रात्री तीनला येणाऱ्या मुलीसाठी मी कुलूप उघडणार नाही, बाकीच्या मुलींचे आईवडील मला विचारतील, कंपनीचं पत्र आण. एचआर म्हणतंय असं पत्र द्यायचा फॉरमॅट नाही.

पंचगंगा_कन्स्ट्रक्शनवाले
आमच्या भागातली पोरगी हाईस म्हणून सांगतो, सांगली-कोल्हापूर एकच. एचआरच्या नादाला लागू नकोस. पीएमकडनं साईटच्या लेटरहेडवर घे. "सदर अभियंता स्लॅबच्या कामानिमित्त रात्री उशिरापर्यंत कार्यस्थळी उपस्थित राहतील, कंपनीच्या वाहनानं सोडण्यात येईल." बास. आणि "कंपनीच्या वाहनानं" हे पत्रात आलं की कॅबचं पण आपोआप मिटतंय, काय?

डांबरी_जेई
हाहाहा, ठेकेदार तो ठेकेदार. सही पीएमची घे, आणि जावक क्रमांक टाकून घे.

कव्हरब्लॉक
दादा हे मस्त आहे! मराठीत देऊ का इंग्रजीत?

पंचगंगा_कन्स्ट्रक्शनवाले
काकू कुठल्या?

कव्हरब्लॉक
जळगावच्या.

पंचगंगा_कन्स्ट्रक्शनवाले
मराठीत दे. आणि गोल शिक्का दोनदा मार, एक सहीवर, एक खाली.